गुन्हा ज्याच्यावर झाला त्याच्या तब्येतीवर रिसर्च, असलं करिअर असतं का?

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोलापुरात अशोक चौकाकडं घर, टॉवेलचे चार लूम, मुलगी बीए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी पहाटे सिद्धेश्वरला चालत निघालेल्या आजींच्या गळ्यातली बोरमाळ मोटरसायकलवरच्या दोघांनी ओढून नेली, तेव्हापासून आजी एकट्या उंबरा ओलांडत नाहीत, झोप गेली, शुगर वाढली. आता मुलगी म्हणते मला ह्याच्यावरच रिसर्च करायचाय, आणि तुम्ही विचारताय असली नोकरी असती का, का गुमान बीएड करायला लावू.

असती काका. ह्या विषयाला व्हिक्टिमॉलॉजी म्हणतात, आणि तुमच्या पत्रातच त्याचं मोठं कारण आहे बघा. तुम्ही लिहिलंय की "कोण चकरा मारणार" म्हणून तक्रार दिलीच नाही. आपल्याकडं एनसीआरबीचा, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, दरवर्षीचा आकडा येतो तो पोलिसात नोंद झालेल्या गुन्ह्यांचा, म्हणजे आजी त्यात नाहीतच. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून सरकार घरोघरी विचारतं की तुमच्यासोबत काय घडलं, पोलिसांकडं गेलात का, नसाल गेला तर का नाही. असं विचारणारी माणसं लागतात, आणि तुमची मुलगी तेच करायला निघालीय.

पण चोरीमुळंच शुगर वाढली हे तिचं म्हणणं लगेच खरं धरू नका. तिला आजींची दवाखान्याची फाईल काढायला सांगा. माळ जायच्या आधीचे रिपोर्ट किती, नंतरचे किती? पहाटेचं चालणं बंद झालं म्हणून वाढली, का रात्रभर डोळा लागत नाही म्हणून, का वयानं वाढणारच होती? आणि एका आजीवरून काहीच ठरत नाही, त्याच वयाच्या, शुगर असलेल्या, पण असं काही न घडलेल्या बायका शोधायच्या, दोन्हीकडचे आकडे काही वर्षं लिहीत राहायचं, मग कुठं थोडं बोलता येतं. म्हणजे स्टॅटिस्टिक्स आलंच. गणिताला घाबरून तिनं आर्ट्स घेतलं असेल तर ही भीती आत्ताच काढा, नंतर फार जड जातं.

रस्ता लांब आहे, लपवत नाही. मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, क्रिमिनॉलॉजी (गुन्हेशास्त्र) अँड जस्टिसमधून सोशल वर्कचं एमए होतं, मद्रास युनिव्हर्सिटीत आणि गांधीनगरच्या फॉरेन्सिक युनिव्हर्सिटीतही क्रिमिनॉलॉजी आहे. नेटला, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या परीक्षेला, क्रिमिनॉलॉजी हा वेगळा विषय आहे, त्यातून जेआरएफ ही रिसर्चची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, म्हणजे पीएचडीचा भार तुमच्या लूमवर येणार नाही. प्राध्यापकाच्या कायम जागा मात्र कमी निघतात. म्हणून तिनं पब्लिक हेल्थकडंही एक पाय ठेवावा. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये मारहाण सोसलेल्या बायकांसाठी दिलासा केंद्र आहे, ते महापालिका आणि सेहत ह्या रिसर्च संस्थेनं मिळून उभं केलं. असल्या ठिकाणी रिसर्च आणि माणसं दोन्ही शिकायला मिळतात.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. घरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाहेर मराठी, हे तिच्याकडं फुकट आलंय. विडी वळणारी बाई घरात काय सोसती ते मुंबईहून आलेल्या रिसर्चरला दुभाष्यामार्फत सांगणार नाही हो, तुमच्या मुलीला सूप मांडीवर ठेवून, विड्या वळता वळता सांगेल. फक्त सांगितलेलं बाहेर जाणार नाही आणि मध्येच "बास" म्हटलं की वही मिटायची, एवढं तिनं आधी शिकावं. ऐकून ऐकून स्वतःची झोप उडायला लागली तर कुणाशी तरी बोलावं, मनात ठेवू नये.

बीएडचा फॉर्म सध्या राहू द्या, दोन वर्षांनी पण भरता येतो. आजींच्या बाबतीत मात्र थांबू नका, सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत एकदा दाखवून आणा, दोन वर्षं झोप नाही म्हणजे ते नुसतं वय नाही. आणि डॉक्टर हो म्हणाले तर मुलीनं सकाळी त्यांचा हात धरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं, देवळापर्यंत नंतर.