भेट आलेल्या शोभेच्या झाडाची नेमकी जात आणि व्हरायटी कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की वास्तुशांतीला कुणीतरी कुंडी दिली. पानं हिरवी-चंदेरी, देठ गुलाबीसर. मोबाईलचं अ‍ॅप एकदा अ‍ॅग्लोनेमा म्हणतं, एकदा डिफेनबेकिया, एकदा कॅलेथिया. तुम्हाला जातही हवी आणि व्हरायटीचं नावही. जात सापडेल. व्हरायटीचं मात्र कठीण आहे, ते आधीच सांगून टाकतो.

अ‍ॅप फसतं कारण ते नक्षी बघतं, आणि संकर करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त खेळ नक्षीशीच केलाय. शिवाय उजेड कमी पडला की तेच झाड हिरवट होतं. म्हणून नक्षी सोडा, ठेवण बघा.

देठ पानाला मिळतो तिथे बोट फिरवा. बोटाच्या पेरासारखा छोटा फुगीर सांधा लागला तर झाड कॅलेथियाच्या घराण्यातलं. या सांध्याच्या जोरावरच त्याची पानं रात्री उभी होतात. सांगलीकरांना हे परकं वाटायचं कारण नाही, आपली हळद आणि दारातली कर्दळ याच गणातल्या. (२०१२ मध्ये बऱ्याच कॅलेथियांना गोएपर्टिया हे नाव मिळालं, तेव्हा दोन नर्सऱ्यांत दोन नावं दिसली तर भांडू नका.)

सांधा नसेल तर मग अळूचं घराणं. अ‍ॅग्लोनेमा आणि डिफेनबेकिया दोन्ही त्यातलेच, पण पहिला आशियाच्या जंगलातला आणि दुसरा अमेरिकेतला. डिफेनबेकियाचं खोड जाड, उसासारखं पेरं दिसणारं, आणि पानाची मधली शीर मागून चांगली टणक, वर आलेली. अ‍ॅग्लोनेमा त्या मानानं सडपातळ. फूल आलं तर वादच मिटतो. या घराण्याचं फूल म्हणजे मधे एक दांडा आणि बाहेरून आवरण; डिफेनबेकियात दांड्याचा खालचा, मादीफुलांचा भाग त्या आवरणाला चिकटलेला असतो, अ‍ॅग्लोनेमात दांडा मोकळा उभा राहतो. देठ खरंच गुलाबी असेल तर माझी पैज अ‍ॅग्लोनेमावर. फक्त चव बघून ओळखायला जाऊ नका. अळूला घसा खाजतो तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यांतही असतात, आणि इथे चिंच घालून काम भागत नाही. लहान मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

आता व्हरायटी. लाल-गुलाबी अ‍ॅग्लोनेमाची लाट आली ती इंडोनेशियाच्या ग्रेगोरी हंबाली यांच्या 'प्राइड ऑफ सुमात्रा'सारख्या संकरांमुळे. सुमात्रातल्या अ‍ॅग्लोनेमा रोटंडमचा लाल रंग त्यांनी दुसऱ्या अ‍ॅग्लोनेमात उतरवला. त्यानंतर थायलंड-इंडोनेशियात इतके संकर झाले की वेगवेगळ्या आईबापांची पोरं जुळी वाटतात, आणि एकाच झाडाच्या फुटव्यातून वेगळ्याच नक्षीचं पान येतं. व्हरायटीचं नाव म्हणजे झाडाची वंशावळ, ती चेहऱ्यावरून वाचता येत नाही. त्यातून आपले नर्सरीवाले स्वतःच नवी बारशी करतात.

मीही यात पोळलोय. एका नर्सरीतून गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन आणला, 'दुर्मिळ व्हरायटी' म्हणून चांगले पैसे मोजून. महिना-दोन महिन्यांत नवीन पानं साधी हिरवी. मी खत बदललं, जागा बदलली, बायको म्हणाली "तुझ्या हाताला यश नाही." नंतर कळलं तो 'पिंक काँगो' होता. त्याचा गुलाबी रंग औषध देऊन आणलेला असतो, नव्या पानांत टिकत नाही. व्हरायटी नव्हतीच, रंगरंगोटी होती. त्या दिवसापासून नवीन झाड घेताना मी जुनी मोठी पानं बघत नाही, सुरळीतून उलगडणारं पान बघतो.

तेव्हा तुमच्या झाडावर 'अ‍ॅग्लोनेमा, संकर, नाव अज्ञात' एवढी चिठ्ठी लावलीत तरी ती प्रामाणिक असेल. त्याआधी एक करा, कुंडीच्या मातीत कडेकडेनं बोट घालून बघा. नर्सरीची प्लास्टिकची पट्टी बऱ्याचदा तिथेच दबलेली असते.