पोट भरतंय, मग जनावर का वाळतं?

प्रश्न (मौदा): धानाचं तणस (पेंढा) भरपूर आहे, दोन्ही टाइम टाकतो, तरी फेब्रुवारीपासून गाई-बैलांच्या बरगड्या दिसायला लागतात. जंताचं औषध पण दिलं. काय चुकतंय?

भाऊ, चारा कमी नाही, प्रोटीन कमी पडतंय. गाईच्या पहिल्या पोटात सूक्ष्मजीव असतात, चारा खरं तर तेच पचवतात, आणि त्यांना चाऱ्यात निदान 7 टक्के प्रोटीन लागतं, तणसात ते 3-4 टक्केच असतं, मग ते जीवच उपाशी राहतात, तणस पोटात तसंच पडून राहतं आणि जनावर पुढचा घास घेत नाही. वरून पोट भरलेलं दिसतं, म्हणून आपली फसगत होते. दिवसाला अर्धा-एक किलो सरकीची ढेप (पेंड) द्या, तूर-हरभऱ्याचं कुटार (भुसा) मिसळा. आणि तणसावर युरियाची प्रक्रिया नक्की करा: 100 किलो तणसाला 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर देत शिंपडायचा, दाबायचं, ताडपत्रीने हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचं. खाऊ घालायच्या आधी थोडा वेळ पसरून वास जाऊ द्या, सुरुवात थोड्यापासून करा, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला देऊ नका. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये, ते विष आहे.

प्रश्न (काटोल): पडीकात सगळं कुसळी गवतच झालं, गुरं तोंड लावत नाहीत. जाळून टाकू का?

जाळू नका हो. कुसळी जुलै-ऑगस्टमध्ये कोवळी असते तेव्हा गुरं आवडीने खातात, कुसं आली की तोंडाला टोचते. म्हणजे फुलोऱ्यावर यायच्या आधीच चारायची किंवा कापून वाळवायची. आपण दिवाळीनंतर कापतो, तोवर तिच्यात दम उरत नाही. आणि पडीकाचे चार भाग करा. पहिल्या पावसाने जरा हिरवं दिसलं की सगळे गुरं सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण तेव्हा गवत मुळातल्या साठ्यावर वाढत असतं, तिथेच खुडलं की चांगलं गवत मरतं आणि कुसळी माजते. वीतभर वाढू द्या, मग एकेक भाग चारा, दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत बंद. मोकळ्या जागी मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं आणि स्टायलो टाका, स्टायलो शेंगवर्गीय आहे, प्रोटीन तिथूनच मिळेल. आपल्या गवळाऊ गाईला असं रान मिळालं तर ती उन्हाळाही काढते.

प्रश्न (हिंगणा): ज्वारी कापली, पाऊस आला, धसकटांना कोंब फुटले. चारू का?

अजिबात नाही! किराळ लागते. त्या कोंबात सायनाइडचं विष असतं, जनावर मिनिटांत आडवं होतं. चुकून खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर बोलवा, त्यावर इंजेक्शन आहे.

प्रश्न (उमरेड): गाई हाडं, चपला चघळतात, काय करावं?

फॉस्फरस कमी पडलाय. रोज 30-50 ग्रॅम मिनरल मिक्श्चर द्या आणि मीठ वेगळं. रानातली हाडं वेचून खोल पुरा, सडक्या हाडातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होते, त्यात जनावर पायातून जातं आणि सहसा वाचत नाही.