20 मायक्रोलिटरच्या पिपेटने (बटण दाबून थोडा द्रव मोजून घ्यायचं उपकरण) 2 मायक्रोलिटर घेताना दर वेळी माप का बदलतं? दोष पिपेटचा की हाताचा?

दोष कुणाचा हे अंदाजाने ठरवू नका, वजन करून बघा. 0.1 मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असला की अर्ध्या तासाचं काम आहे.

1 मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळजवळ 1 मिलिग्रॅम. 27 अंश सेल्सिअसला 20 मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी साधारण 19.9 मिलिग्रॅम भरतं. पिपेट 20 वर लावा. झाकणाच्या छोट्या नळीत तळाला थोडं पाणी आधीच ठेवा, काटा शून्यावर आणा, मग दहा वेळा पाणी सोडून दर वेळी किती वजन वाढलं ते लिहा. झाकण लगेच लावायचं, नाहीतर पाणी उडून जातं आणि आकडे उगाच कमी दिसतात. ही तपासणी 2 वर करू नका. तिथे काट्याच्या शेवटच्या आकड्यात एकाचा फरक पडला तरी 5 टक्के झाले.

दहाही आकडे एकमेकांना धरून, पण सगळेच 19.2 च्या आसपास असतील तर बहुधा कॅलिब्रेशन, म्हणजे पिपेटची मापाची जुळणी, सरकलंय. 19.1, 20.3, 18.7 असे विखुरलेले असतील तर हात, टिप (टोकाला लावायची प्लास्टिकची नळी) किंवा गळती. गळतीसाठी 20 भरून पिपेट 20 सेकंद उभं धरा. टोकाशी थेंब जमू लागला तर टिप बदला; तरीही जमला तर आतली ओ-रिंग (रबराची कडी) किंवा सील गेलंय.

बटण दाबताना ते दोन ठिकाणी अडतं, ते दोन थांबे. हाताची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढणं. मग जास्तच येणार. ओढताना पहिला थांबा, सोडताना पहिला आणि मग दुसरा. टिप द्रवात 2-3 मिलिमीटरच बुडवा, पिपेट उभं ठेवा, बटण सावकाश सोडा आणि एक सेकंद थांबून बाहेर काढा. तिरपं धरलं तर थोडं जास्त ओढलं जातं. खोल बुडवलं तर टिपच्या बाहेरून चिकटलेलं पाणीही मापात येतं. माप वाढवताना आकड्याच्या थोडं पुढे जाऊन परत खाली या, म्हणजे स्क्रूमधली ढिलाई मोजमापात येत नाही.

आता तुमचे 2 मायक्रोलिटर. हा थेंब जेमतेम दीड मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. हवेत सोडायला गेलात तर तो पडतच नाही, टिपच्या टोकाला लटकून राहतो आणि टिपबरोबर परत येतो. नळीच्या भिंतीला किंवा आतल्या द्रवाला टोक टेकवूनच सोडा आणि टिप भिंतीला घासत वर घ्या. शिवाय 20 च्या पिपेटची चूक 0.2 मायक्रोलिटर धरली, तर 20 वर ती 1 टक्का आणि 2 वर थेट 10 टक्के होते. पिपेट अगदी ठणठणीत असलं तरी हे टळत नाही. पिपेटच्या सगळ्यात कमी मापावर काम करणं मला म्हणूनच पटत नाही. 0.5 ते 10 चं पिपेट मिळालं तर तेच वापरा.

एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये, म्हणजे दाट चिकट द्रवात, असेल तर टोक फक्त पृष्ठभागाला टेकवा आणि अगदी हळू ओढा. घाई केली तर टिपमध्ये द्रवाऐवजी हवेचा बुडबुडा येतो.

छोटं पिपेट नसेल आणि द्रावण पातळ केलं तर चालणारं असेल, तर मूळ द्रावणाचे 20 मायक्रोलिटर त्याच बफरच्या (ते ज्या द्रवात बनवलंय त्याच्या) 180 मध्ये मिसळा, नीट ढवळा आणि त्यातले 20 घ्या. मूळ द्रव्य तेवढंच गेलं, 18 मायक्रोलिटर बफर जास्त आला. शेवटचं मिश्रण करताना त्यात पाणी तेवढं कमी घाला.