विमानाच्या सीट आणि पॅनेल साध्या फर्निचरच्या कारखान्यात बनवता येतील का? आणि त्या एवढ्या महाग का असतात?

तुमचा फर्निचरचा कारखाना आहे आणि फोम, कापड, पॅनेल ही तर रोजचीच कामं, मग विमानाचं काम का मिळू नये, असं तुम्ही विचारलंय. मी केबिन इंटिरियरच्या चाचण्यांचं काम करतो, म्हणून सांगतो. वस्तू तुम्ही नक्की बनवाल. पैसा आणि वेळ जातो तो ती सुरक्षित आहे हे कागदोपत्री सिद्ध करण्यात.

भिंतीचं पॅनेल घ्या. आत मधाच्या पोळ्यासारखा नोमेक्सचा (सहज न पेटणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कागदाचा) गाभा, दोन्ही बाजूंना फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेलं काचकापड, वर सजावटीची फिल्म. फिनॉलिक ठिसूळ असतं, पण जळताना धूर कमी करतं, म्हणून तेच वापरतात. त्याचा 150 मिलिमीटरचा चौकोनी तुकडा आम्ही तापलेल्या चेंबरमध्ये सोडतो आणि 5 मिनिटं त्यातून निघणारी उष्णता मोजतो. 3 नमुन्यांच्या सरासरीत सर्वोच्च आकडा दर चौरस मीटरला 65 किलोवॅटच्या वर गेला, की नापास. एकदा गाभा, कापड, फिल्म सगळं आधी पास झालेलंच होतं. फक्त फिल्मखालचा गोंद जरा जाड बसला होता, आणि आकडा 58 वरून 69 वर गेला. चाचणी सुट्या मालाची नसते, पूर्ण थराची असते. तुमच्या पुरवठादाराचं फोमचं सर्टिफिकेट इथे पुरत नाही ते यामुळेच.

एवढी कडक अट उगाच नाही. 1985 साली मँचेस्टरला उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाला आग लागली. विमान जमिनीवरच होतं, तरी 55 माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने आणि विषारी वायूंनी. मला नवीन मुलं विचारतात, दोन-चार किलोवॅटने काय होतं? बाहेर पडायला मिळणारे सेकंद त्यातूनच येतात.

सीटचं प्रकरण आणखी अवघड. डमी बसवून सीट स्लेडवर, म्हणजे रुळावरून वेगाने सरकणाऱ्या चाचणीच्या गाड्यावर, 16 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट) धक्क्याने थांबवतात, आणि त्याआधी सीट ज्यावर बसवतात त्या जमिनीवरच्या रुळांपैकी एक 10 अंश वर-खाली आणि दुसरा 10 अंश आडवा पिळतात, कारण अपघातात फरशी सरळ राहत नाही. सीट रुळावर टिकली पाहिजे आणि डमीच्या डोक्याला बसणाऱ्या माराचा निर्देशांक 1000 च्या आत राहिला पाहिजे. गादीवर वेगळी तेलाच्या बर्नरची ज्वाला 2 मिनिटं सोडतात. वजन 10 टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये.

तुम्हाला खरंच यात यायचं असेल तर सीटपासून सुरुवात करू नका. आधीच डिझाइन मंजुरी असलेल्या कंपनीसाठी सीटचे कव्हर शिवायला घ्या. पहिल्या दिवसापासून प्रत्येक कव्हरमागे कापडाचा लॉट नंबर, धाग्याचा लॉट नंबर आणि जळण चाचणीचा अहवाल जोडून ठेवा. ऑडिटला येणारा माणूस शिवण बघण्याआधी तीच फाइल मागतो.