व्हायाकॉमच्या लोगोचं वय ठरवताना

व्हायाकॉम ही जुन्या टीव्ही मालिका पुन्हा दाखवण्यासाठी विकणारी अमेरिकन कंपनी; मालिकेच्या शेवटी तिचा लोगो दिसे. मालिकेच्या सालावरून लोगोचं साल ठरवू नका. अमेरिकेत एफसीसीने (प्रसारणावर देखरेख करणारी सरकारी संस्था) टीव्ही नेटवर्कना पुनर्प्रसारण विकायला मनाई केली, म्हणून १९७१ मध्ये व्हायाकॉम सीबीएस या नेटवर्कपासून वेगळी झाली. त्यामुळे १९५०च्या दशकातल्या ‘आय लव्ह लूसी’च्या शेवटीही तिचा लोगो सापडतो. अंगावर धावून येणारा तो (जरा भयंकरच) ‘व्ही’ १९७६चा. १९८६ मध्ये तो बदलला.

आधी कान द्या. नवा लोगो जुन्यावर चिकटवताना कधी चित्र बदलतं आणि धून जुनीच राहते, कधी ती मध्येच तुटते. १६ मिमी फिल्म जास्त भरवशाची: शेपूट (शेवटचा भाग) कापून तुकडा जोडला असेल तर सांधा दिसतो. व्हिडिओ मास्टरवर (ज्या मूळ टेपवरून प्रती काढतात) तसं काही उरत नाही. नोंदीत प्रत फिल्म की टेप, आणि प्रसारणाची तारीख लिहा. नुसतं ‘मूळ’ चालणार नाही.