वाचक विचारतात : जुन्या डिझेल पिकअपचा जोर वाढवायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा कराडचा, सध्या टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या बाहेर राहतो. गेल्या वर्षी १९९७ ची डॉज रॅम २५०० घेतली, कमिन्सचं १२ व्हॉल्व्ह इंजिन, ऑटोमॅटिक, दोन लाख दहा हजार मैल झालेत. मागे ट्रेलरवर कधी ट्रॅक्टर कधी गवताचे गठ्ठे, साधारण ९००० पौंड ओढतो. चढाला पार जीव जातो गाडीचा. इथला मित्र म्हणतो पंपातली फ्युएल प्लेट सरकवू, शनिवारी दुपारी काम होऊन जाईल आणि साठ-सत्तर हॉर्सपॉवर वाढतील. करू का? की सरळ मॅन्युअल गिअरबॉक्सच टाकू?

उत्तर : मित्र खोटं सांगत नाहीये. ती प्लेट पंप जास्तीत जास्त किती डिझेल सोडेल ते ठरवते, ती सरकवली की गाडी पळणार, आणि पहिल्या दिवशी तुला इतकं भारी वाटेल की काका उगाच घाबरवतोय असं म्हणशील. पण थोडं थांब रे, आधी वाचून घे.

तुझ्या गाडीला बॉशचा पी७१०० इनलाइन पंप आहे, म्हणजे आपल्याकडे जुन्या ट्रकांना मायकोचा इनलाइन पंप यायचा ना, त्याच घराण्यातला, सहा सिलिंडरला सहा प्लंजर, सगळा कारभार रॅक (डिझेलचं माप बदलणारी दांडी) आणि गव्हर्नरवर (आरपीएम सांभाळणारा), डिझेल किती द्यायचं यात कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. १९९४ ते ९८ च्या या गाड्यांमागे लोक वेडे आहेत ते म्हणूनच, नुसत्या पान्यांवर डिझेल वाढवता येतं. आता पुढचं नीट वाच. त्याच साली, त्याच ५.९ लिटरच्या इंजिनाला कंपनी मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर २१५ हॉर्सपॉवर द्यायची आणि ऑटोमॅटिकबरोबर १८०. पंपच कमी डिझेल सोडेल असा सेट करून यायचा, कारण ४७आरई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या इंजिनाच्या टॉर्कपुढे कमजोर पडतो. म्हणजे ते ३५ हॉर्सपॉवर गिअरबॉक्स वाचावा म्हणून बाजूला ठेवलेत, आणि तुझा मित्र ते एका दुपारी परत आणून वर अजून तेवढेच टाकायला निघालाय, गिअरबॉक्स मात्र तोच, दोन लाख मैल झिजलेला.

आधी काय जातं तर टॉर्क कन्व्हर्टरमधला, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाने जोडणाऱ्या डब्यातला, लॉकअप क्लच; हा लागला की दोघं घट्ट एकत्र फिरतात. कंपनीच्या कन्व्हर्टरमध्ये तो एकाच प्लेटचा असतो. डिझेल वाढवलं की खालच्या आरपीएमलाच टॉर्क धाडकन येतो, क्लचची प्लेट घसरते, घसरली की तापते, तेल करपतं, आणि तेच तेल सगळ्या गिअरबॉक्सभर फिरून बाकीच्या क्लचची वाट लावतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रॅमचा पॅन मी स्वतः उतरवलाय. तेल लाल राहिलंच नव्हतं, कोऱ्या चहासारखं झालेलं, जळक्या क्लचप्लेटचा वास हातावरून दोन दिवस गेला नाही, आणि पॅनच्या तळाचं मॅग्नेट बोटाने पुसलं तर राखाडी चिखल. मालकाने फक्त फ्युएल प्लेट सरकवली होती, आठ महिने झाले होते. मला फार वाईट वाटलं त्याचं, कारण इंजिन घड्याळासारखं चालत होतं.

तुझा क्लच कुठवर आलाय ते तूच बघू शकतोस. गाडी गरम झाली की ट्रेलर न लावता सपाट रस्त्यावर ताशी पंचावन्न मैलांवर धर, लॉकअप लागू दे. लागलाय का हे कळायला ब्रेकला नुसता पाय टेकव, आरपीएमचा काटा जरा वर उडाला म्हणजे लागला होता. परत लागू दे आणि मग ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत जा. स्पीड तिथेच आणि काटा दोनशे-तीनशेने वर सरकला तर क्लच आत्ताच घसरतोय, मग फ्युएल प्लेटचा विषय तिथेच बंद कर.

पण गिअरबॉक्सच्याही आधी एक काम आहे, स्वस्त आहे पण लोक टाळतात. इंजिनाच्या पुढे टायमिंग गिअरच्या कव्हरमागे हाउसिंग जाग्यावर बसावं म्हणून एक छोटी स्टीलची पिन असते. वर्षानुवर्षं थरथरून ती हळूहळू बाहेर येते, आणि गिअरमध्ये पडली की इंजिन संपलं. तिकडे तिला किलर डॉवेल पिन म्हणतात. कव्हर काढायचं, पिन जाग्यावर ठोकायची, शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी अडकवायची, झालं. एवढ्या मैलांच्या गाडीत हे आधी बघितल्याशिवाय जोर वाढवायला जाऊच नकोस.

मग मीटर बसव. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा, बूस्टचा (टर्बो किती दाबाने हवा ढकलतोय त्याचा), आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा. एक्झॉस्ट १२५० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ६७५ सेल्सिअसच्या वर धरून ठेवायचं नाही, ॲल्युमिनियमचे पिस्टन आहेत. चढाला काटा तिकडे चालला की पाय काढ आणि गिअर खाली घे. आणि ओझं मागे असताना ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण वापरतोस ना? नसशील तर आजपासून वापर, चढाला अर्धा फरक तर त्यानेच पडेल.

मोठे पैसे घालायचे ते कन्व्हर्टरमध्ये. तीन प्लेटच्या लॉकअपचा चांगला कन्व्हर्टर, प्रेशर वाढवलेली व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्सच्या क्लचना तेल वाटणारा भाग), मोठा ऑइल कूलर, गिअरबॉक्समधले पट्टे म्हणजे बँड ॲडजस्ट, नवं एटीएफ+४ तेल. क्लच आधीच घसरत असतील तर अख्खा गिअरबॉक्स खोलूनच हे करावं लागेल, नाहीतर नवा कन्व्हर्टर जुन्याच घाणीत बसेल. मजबूत इनपुट शाफ्ट वगैरे रेसवाल्यांचं, तुझ्या २२०-२३० हॉर्सपॉवरच्या कामाला नको.

हे झालं की मग पंपाला हात लाव, आणि एका वेळी एकच बदल. आधी एएफसीचं, म्हणजे पंपावरच्या बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणाऱ्या भागाचं, स्टार व्हील, ते बूस्ट येईपर्यंत डिझेल किती सोडायचं ते ठरवतं. चार दिवस चालवून मीटर बघ, मग फ्युएल प्लेट थोडीशी. काळा धूर आला तर तो न जळलेल्या डिझेलचा आहे, हवा कमी पडतेय, तेव्हा मागे ये. एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज, त्यांच्या क्लिपा बघून घे, बऱ्याच वेळा बूस्ट तिथेच गळत असतो आणि माणूस डिझेल वाढवत बसतो. गव्हर्नरच्या कडक स्प्रिंगा नकोत, त्या वरच्या आरपीएमसाठी असतात, तू तर खालच्या टॉर्कवर ओढणारा.

मॅन्युअलचं म्हणशील तर एनव्ही४५०० हा पाच गिअरचा दणकट डबा आहे, पण त्यालाही पाचव्या गिअरचा नट सैल व्हायचा रोग आहे. शिवाय फ्लायव्हील, क्लच, पेडल, हायड्रॉलिक, क्रॉसमेंबर, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, सगळं बदलेल, आणि एवढं करूनही पंप तुझा १८० वालाच राहील. भाग काढून घ्यायला अख्खी मॅन्युअल गाडी स्वस्तात मिळाली तर कर, मला स्वतःला आवडेल. सुटे भाग गोळा करून मात्र नको.

ट्रेलरच्या ब्रेकबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ते चालतात का ते कळव आधी.

प्रश्न : नारायणगावहून टोमॅटो घेऊन माळशेजमार्गे कल्याणला जातो. २००८ ची बोलेरो पिकअप आहे, घाटात दुसऱ्या गिअरवर रडते. गॅरेजवाला म्हणतो जुन्या स्कॉर्पिओचं २.६ इंजिन टाकू. टाकावं का?

उत्तर : भाऊ, तुमचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन ६३ हॉर्सपॉवरचं, स्कॉर्पिओचं २६०९ सीसीचं १०९ चं. वरच्या गोष्टीसारखंच आहे हे, तुमचा क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल ६३ च्या हिशोबाने दिलेला. आणि परवानगीशिवाय इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आरसीवर नोंद नसेल तर उद्या अपघात झाला की इन्शुरन्सवाले तिथेच बोट ठेवतील. रोज भरलेल्या गाडीने घाट उतरणाऱ्याने हा धोका घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी नोझल आणि पंप बेंचवर लावून कॅलिब्रेशन करून घ्या, कॉम्प्रेशन चेक करा, टर्बोचा होज चिरलाय का बघा, क्लच घसरतोय का बघा. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीत ६३ पैकी किती उरलेत ते आधी कळू द्या. आणि क्रेट किती भरता ते लिहिलं नाहीत. पासिंगपेक्षा जास्त भरत असाल तर आधी ते कमी करा, आणि मागचे ब्रेक लायनर याच आठवड्यात उघडून बघा.