शेंगदाणे बंद करण्याआधी चहाबरोबर काय खाता ते बघा

तुम्ही विचारलंय, "एलडीएल १५८ आलंय. चांगलं-वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे काय? शेंगदाणे आणि अंडी बंद करू का?"

शेंगदाणे अजिबात बंद करू नका. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, ते प्राणिज पदार्थांत असतं. हे मी २०१४ पासून आमच्याच घरात सांगतेय.

त्या वर्षी सासूबाईंचं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १७२ आलं. मोठे दीर पुण्याहून आले होते. रिपोर्ट वाचून सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या प्रत्येक भाजीत कूट. दुसरं काय होणार?" मी सांगलीकडची. आमच्याकडे वांग्यात, कोशिंबिरीत, खिचडीत कूट पडतंच. त्या दिवशी कुटाचा डबा माळ्यावर गेला. सासूबाई दोन घास कमी जेवून उठायच्या. सासूला मी आजारी पाडलं, असा बोल माझ्यावर आला होता आणि तो मला फार लागला.

सहा महिन्यांनी एलडीएल १६९. साप साप म्हणून भुई धोपटली होती. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "चहाबरोबर काय घेता?" सकाळी दोन खाऱ्या, दुपारी नानकटाई, शिवाय भाकरीवर रोज लोण्याचा गोळा. खारी-नानकटाई वनस्पती तुपातली, आणि तिचे डबे दर महिन्याला दीरच भरून आणत.

आता तुमचा प्रश्न. कोलेस्टेरॉल एकच असतं. चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टणात बसून फिरतं. एलडीएल हे ते पेशींकडे नेणारं वाहन. ते जास्त झालं की रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकतं, म्हणून वाईट. एचडीएल ते परत यकृताकडे आणतं, म्हणून चांगलं. पण नुसतं एचडीएल चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते वाढवणाऱ्या बहुतेक औषधांनी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. म्हणून ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ताटातली चरबी कोणती, हे जास्त महत्त्वाचं. लोणी, साय, तूप, खोबरेल यांतली संपृक्त, म्हणजे थंडीत गोठणारी चरबी वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी (तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारी) तर एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी खारीतली संपृक्त चरबी आणि मैदा कुठे जातोय? मैदा-साखरेनं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतात. "कोलेस्टेरॉल-फ्री" छापलेल्या तेलाच्या पिशवीलाही भुलू नका, कुठल्याच शेंगतेलात ते नसतं.

आम्ही खारी आणि लोणी थांबवलं, कूट परत आणलं, रात्री इसबगोल सुरू केलं. त्यातला विद्राव्य (पाण्यात विरघळणारा) तंतू पित्ताम्लं, म्हणजे यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती पाचक आम्लं, धरून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरतं. तीन महिन्यांत १४४. सासूबाईंना मधुमेह होता, म्हणून डॉक्टरबाईंनी तरीही स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी दिली, आणि ते योग्यच होतं.

अंडी आमच्या घरात शिजत नाहीत, त्यामुळे अनुभव नाही. एका बलकात साधारण २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. बऱ्याच जणांना दिवसाला एक अंडं चालतं, पण मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दाणेही मूठभरच, खारवलेले नकोत. थायरॉईड तपासून घ्या, ते मंदावलं तरी एलडीएल चढतं. आणि आकडा १९० च्या वर असेल किंवा घरात कुणाला तरुणपणी झटका आला असेल, तर आहारावर विसंबून दिवस घालवू नका.

दीर आजही म्हणतात, "आईचं गोळीनंच उतरलं." १४४ चा रिपोर्ट गोळी सुरू होण्याच्या आधीचा आहे. त्यावर तारीख आहे, आणि तो फाईलमध्ये सगळ्यात वर लावलेला आहे.